सोलापुरात नवं घर: भिंत कशाची बांधावी, उष्णता कशी अडवावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी झाली, वीटभट्ट्या पेटल्या की दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. कुणी जुळे सोलापुरातून फोन करतं, कुणी बार्शीहून फोटो पाठवतं, कुणी साइटवरच गाठतं. घरांची कामं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून जमलेले प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथं एकत्र केले आहेत.

बहुतेक जण "वीट की ब्लॉक?" इथून सुरुवात करतात. (ब्लॉक म्हणजे इथं फुगवलेला, हलका एएसी ब्लॉक.) माझ्या मते सोलापुरात क्रम असा हवा: आधी स्लॅब, मग पश्चिमेची भिंत, आणि मग वीट की ब्लॉक. पुढची उत्तरं याच क्रमाला धरून आहेत.

१. घर तापतं ते नेमकं कुठून? भिंतीतून की छतातून?

एकमजली घरात, किंवा वरच्या मजल्यावर, सगळ्यात जास्त छतातून. आपण साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत स्लॅबला उन्हातून सुटका नसते.

दुसरा नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होऊन थेट भिंतीवर येतं, आणि तेव्हा बाहेरची हवाही दिवसातली सर्वांत गरम असते. पूर्वेच्या भिंतीवरही तेवढंच ऊन पडतं, पण सकाळी, हवा अजून थंड असताना.

दक्षिणेची भिंत अनेकांना उगाच काळजीत टाकते. मे ते जुलैअखेर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर किंवा थोडा उत्तरेकडेच असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. तिथल्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा कामाचा नाही, कारण ऊन त्याच्या खालून आत येतं.

२. मग भिंत नऊ इंची विटेची बांधू की एएसी ब्लॉकची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उष्णतेपुरतं उत्तर सरळ आहे: बाहेरच्या भिंतींना ब्लॉक.

यासाठी एक आकडा समजून घ्या, यू-व्हॅल्यू. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, ते हा आकडा सांगतो. जितका कमी तितकं चांगलं. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा आकडा २ च्या आसपास येतो, आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीचा ०.७५ ते ०.८. म्हणजे ब्लॉकमधून निम्म्याहून कमी उष्णता आत येते. सहा इंची ब्लॉकचा आकडाही १ च्या जवळपास राहतो, म्हणजे नऊ इंची विटेच्या निम्माच. कारण ब्लॉकच्या आतच आहे. सिमेंट, चुना आणि राखेच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, त्यानं मिश्रण फुगतं आणि बारीक बुडबुड्यांसकट वाफेत पक्कं होतं. ब्लॉक फोडून बघा, ब्रेडच्या स्लाइससारखा दिसतो. अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही.

पण विटेची बाजूही ऐका. वीट जड आहे, उष्णता पोटात साठवून ठेवते. दुपारी तीन-चारला पश्चिमेची भिंत तापते आणि ती उष्णता नऊ इंच ओलांडून आत यायला सहा-आठ तास घेते. म्हणून दुपारी खोली बरी वाटते आणि रात्री दहाला, आपण झोपायला जातो तेव्हा, भिंत शेगडीसारखी होते. मे महिन्यात त्या वेळी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. ज्यांच्या घरी लोक गच्चीवर झोपायला पळतात, त्यांच्या घरी हेच कारण असतं.

हेच जडपण घराच्या आत मात्र उपयोगाचं. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की आतल्या विटेच्या भिंती गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा टिकवतात. म्हणून एसी नसलेल्या घराला मी असं सुचवतो: बाहेरच्या भिंती आठ इंची ब्लॉकच्या, आतल्या पार्टिशन साडेचार इंची विटेच्या. दोन प्रकारचा माल आणावा लागतो, गवंडी कुरकुर करतो. तरी करून घ्या.

३. ब्लॉक एवढा हलका, भिंत टिकेल का? खिळाही बसत नाही म्हणतात.

कॉलम-बीमच्या घरात भिंत स्लॅबचं ओझं पेलत नाही, फक्त स्वतःचं वजन पेलते. त्याला ब्लॉक पुरेसा मजबूत आहे. (कॉलम नसलेल्या घराचं गणित वेगळं, प्रश्न १५ पाहा.) हलकेपणा हा उलट फायदा आहे. दहा फूट बाय दहा फुटांची नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरसकट साडेचार टनांच्या आसपास भरते, तीच आठ इंची ब्लॉकची पावणेदोन ते दोन टन. हा फरक इंजिनिअरला डिझाइनच्या आधी सांगितला तर लोखंडात बचत होते. डिझाइन झाल्यावर सांगितलं तर काहीच वाचत नाही.

खिळ्याचं म्हणणं खरं आहे. साधा खिळा ब्लॉकमध्ये हलायला लागतो. फोटो-घड्याळाला लांब नायलॉन प्लग आणि स्क्रू पुरतात. गीझर, टीव्ही, स्वयंपाकघरातली टांगती कपाटं कुठं येणार हे आधी ठरवा आणि तेवढ्या जागी काँक्रीटचे ठोकळे किंवा विटा बसवून घ्या. दरवाजाची चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना, म्हणजे होल्डफास्टलाही, तसेच ठोकळे हवेत, नाहीतर दार आपटून आपटून चौकट सुटते.

४. फ्लाय अ‍ॅशच्या विटा आता कुठंही मिळतात. त्यांनी घर गार राहतं का?

लाल विटेपेक्षा फारसं नाही. आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या कोळशावरच्या वीज प्रकल्पात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, त्यामुळे राख आपल्याकडे घरच्यासारखी. पण राखेची वीट दाबून बनवलेली, भरीव असते, ब्लॉकसारखी फुगवलेली नसते. यू-व्हॅल्यू लाल विटेच्या जवळपासच येते. तिचा फायदा वेगळा: कडा सरळ, माप एकसारखं, प्लास्टर पातळ लागतं, आणि तिच्यासाठी शेतातली माती खणून भट्टीत जाळावी लागत नाही. आतल्या पार्टिशनला मला ती लाल विटेइतकीच पसंत आहे. उष्णता अडवण्यासाठी म्हणून मात्र तिला जास्त पैसे मोजू नका.

भरीव काँक्रीट ब्लॉकचं विचाराल तर बाहेरच्या भिंतीला तो सगळ्यात वाईट, विटेपेक्षाही जास्त तापतो. कंपाउंडला वापरा.

५. आजोबांचं माळवदाचं घर भर उन्हाळ्यात गार असायचं. तशाच जाड दगडी भिंती बांधल्या तर?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण विचारणाऱ्यानं ते घर अंगावर अनुभवलेलं असतं. पण त्या गारव्याचं श्रेय भिंतीला जातं तेवढंच, किंबहुना जास्त, माळवदाला जातं. लाकडी तुळया आणि फळ्यांवर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाला आधी तो पार करावा लागे. शिवाय खिडक्या लहान आणि मोजक्या, वर एक झरोका, अंगणात कडुलिंबाचं झाड.

आपला काळा दगड उष्णता अडवत नाही, साठवतो. दीड फुटी दगडी भिंतीची यू-व्हॅल्यू नऊ इंची विटेपेक्षा चांगली येत नाही. अडीच-तीन फूट जाडी होती म्हणून जमत होतं. एक गुंठा प्लॉटवर, म्हणजे १०८९ चौरस फुटांवर, तेवढी जाडी सोडली तर राहायला खोल्याच उरत नाहीत.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झालं ते आपल्या शेजारी झालं. दगड-मातीच्या भिंती आतल्या-बाहेरच्या दोन थरांत फुटून कोसळल्या, आणि वरचं मातीचं जड छत झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. म्हणून आज कुणी मातीत दगड रचून जड छताचं घर बांधतो म्हणाला तर मी नाहीच म्हणतो. दगड हवाच असेल तर सिमेंटच्या मालात (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात), भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर घालून, आणि जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या माथ्याला), छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे देऊन बांधा. आजोबांच्या घरातून घ्यायचंच असेल तर छतावरचा जाड थर घ्या. तो आज कसा करायचा ते पुढच्याच उत्तरात आहे.

६. स्लॅबवर नेमकं काय करावं? कोबा केला की झालं ना?

कोबा पाण्यासाठी असतो. उष्णता तो थोडी अडवतो, पुरेशी नाही.

उघड्या पाच इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू ४ च्या आसपास जाते, म्हणजे विटेच्या भिंतीच्या दुप्पट. वर चार इंची ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा केला तर ती अडीचच्या जवळ येते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं घरांसाठी २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली, तिच्यात छताची कमाल यू-व्हॅल्यू १.२ धरली आहे. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या घराला तिचं बंधन नाही. पण मापदंड म्हणून तो आकडा मी वापरतो, आणि नुसत्या कोब्यानं तो गाठता येत नाही.

गाठता येतो तो स्लॅबच्या वर बोर्ड टाकून. एक्सपीएस नावाचा फोमचा कडक बोर्ड मिळतो, पाणी फारसं पीत नाही आणि चालण्याचं वजन झेलतो. एक इंची बोर्डानं यू-व्हॅल्यू १ च्या खाली उतरते, दोन इंचीनं ०.५ च्या आसपास येते. मी दोन इंचीच सांगतो. बोर्डाच्या किमतीतला फरक लहान असतो, मजुरी तीच राहते, आणि हे काम पुन्हा कुणी करत नाही.

थर असे: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, पाणी भरून गळतीची तपासणी, मग बोर्ड सांध्याला सांधा घट्ट लावून, वर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर उताराचा काँक्रीटचा थर, आणि शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). तपासणी बोर्डाच्या आधीच झाली पाहिजे. बोर्ड झाकल्यावर गळती सापडली तर सगळं उकरावं लागतं. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला आणि पाण्याच्या पायपाच्या तोंडाशी बोर्ड नीट कापून बसवला आहे ना, ते स्वतः गच्चीवर उभं राहून बघा. गळती तिथूनच सुरू होते.

खालून, म्हणजे छताच्या आतल्या बाजूनं, फॉल्स सीलिंग करून त्यात काही भरावं का, असंही विचारतात. थोडा उपयोग होतो. पण स्लॅब स्वतः तापतच राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो आणि त्याच्याखालच्या भिंतींना आडव्या भेगा पाडतो. वरून झाकलेला स्लॅब शांत राहतो. नवं घर असेल तर वरूनच करा.

बजेट अगदीच कमी असेल तर स्लॅबवर मातीची छोटी गाडगी उलटी मांडून मधल्या फटीत हलका माल भरण्याची जुनी पद्धत आहे. गाडग्याखाली अडकलेली हवा काम करते. मेहनतीचं काम आहे आणि हात बसलेला माणूस लागतो, पण जमतं.

७. नुसता पांढरा रंग मारला तर किती फरक पडतो?

स्लॅबवर बराच, आणि खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त. पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परत फेकतो. काळपट सिमेंटच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, पांढऱ्या गच्चीवर उभं राहता येतं. रिफ्लेक्टिव्ह पेंट परवडत नसेल तर चुन्यात फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून दोन हात द्या, फक्त दरवर्षी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की पुन्हा द्यावा लागेल. आपल्याकडची धूळ हा त्याचा शत्रू. पांढरी गच्ची मळकी झाली की निम्मा उपयोग गेला, म्हणून उन्हाळ्याआधी एकदा झाडून-धुवून घ्या. पश्चिमेच्या भिंतीलाही फिका रंग द्या. एलिव्हेशनला (घराच्या दर्शनी रूपाला) गडद तपकिरी किंवा काळा हवाच असेल तर तो उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या.

८. पश्चिमेच्या भिंतीसाठी वेगळं काही करावं का?

हो, आणि सगळ्यात स्वस्त उपाय नकाशावरच आहे. जिना, बाथरूम, स्टोअर पश्चिमेला टाका, झोपायची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला. एवढं जमलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

रस्ताच पश्चिमेला असेल आणि हॉल तिथंच घ्यावा लागत असेल, तर आठ इंची ब्लॉक आणि बाहेरून फिका रंग बहुतेक घरांना पुरतो. विटेचाच आग्रह असेल तर दोन पर्याय आहेत. पहिला, साडेचार इंची विटेच्या दोन भिंती, मध्ये दोन इंच पोकळी, आणि दोन्ही थर बांधून ठेवणाऱ्या गंज न चढणाऱ्या पट्ट्या. दुसरा, रॅट-ट्रॅप बाँड: विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचायच्या, त्यामुळे नऊ इंचाच्या आतच पोकळ खण तयार होतात आणि विटाही सुमारे पाव हिश्श्यानं कमी लागतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. अडचण एकच, ती येणारा गवंडी शोधावा लागतो. आधी कंपाउंडवर एक तुकडा करायला सांगा, रद्दा (विटांचा थर) सरळ आणि खण रिकामे दिसले तरच घरावर घ्या. खणात माल पडत गेला तर पोकळी उरत नाही.

आणि खिडकी. पश्चिमेला सहा फुटी काचेची स्लायडिंग खिडकी लावून भिंतीत ब्लॉक घालणं म्हणजे दार उघडं ठेवून कडी तपासणं. खिडकी लहान ठेवा, बाहेरून झडप, चटई किंवा जाळी लावा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो.

९. भिंतीला थर्माकोल किंवा फोमची शीट लावावी का? आतून की बाहेरून?

आठ इंची ब्लॉक आणि स्लॅबवर बोर्ड असेल तर भिंतीला शीटची गरज नाही. तो पैसा खिडक्यांच्या सावलीवर घाला.

विटेची भिंत आहे आणि खोलीत रोज एसी चालणार आहे, अशा वेळी शीट अर्थपूर्ण ठरते. तीही बाहेरून. बाहेरून लावली की विटेचं जडपण आत राहतं आणि खोलीचा गारवा टिकवतं. आतून लावली की ते जडपण वाया जातं, खोली लहान होते, आणि भिंतीत कुठून ओल आली ते दिसत नाही. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी सप्टेंबरचा परतीचा पाऊस वाऱ्यासकट झोडपतो, तेव्हा बाहेरच्या शीटवर फायबरची जाळी आणि पक्कं प्लास्टर हवं. उघडा थर्माकोल भिंतीवर कधीच सोडू नका. तो जळतो आणि उंदीर त्यात घरं करतात.

१०. चांगली वीट कशी ओळखायची? आणि ब्लॉक?

विटेच्या चार परीक्षा साइटवरच होतात. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडा, दोन तुकडे व्हायला नकोत. नखानं ओरखडा उठला तर ती कच्ची. आणि वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा, वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर परत पाठवा. ही शेवटची मर्यादा आयएस १०७७ या भारतीय मानकातली आहे.

ब्लॉकसाठी आयएस २१८५ भाग ३ चा टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात घनता आणि ताकद दोन्ही बघा. गाडी उतरवताना कोपरे झडलेले किती आहेत ते मोजा. आणि ताजा, दमट ब्लॉक घेऊ नका. तो भिंतीत बसल्यावर सुकतो, आकसतो आणि भेग पाडतो.

११. गवंडी म्हणतो ब्लॉक विटेसारखेच लावायचे, भिजवून, साध्या मालात. चालेल का?

भिजवणं अजिबात चालणार नाही. हे सांगताना मला माझंच एक काम आठवतं. पहिल्यांदा ब्लॉक वापरले तेव्हा गवंड्यानं सवयीनं ते टाकीत बुडवून ठेवले, आणि मी बघत असूनही थांबवलं नाही. विटेला पाणी पाजतात तसंच असेल, असं मला वाटलं. भिंत सुंदर उभी राहिली. एप्रिलमध्ये सांध्यासांध्यातून केसासारख्या भेगा उमटल्या, अगदी ब्लॉकच्या आकाराची चौकटच प्लास्टरवर दिसायला लागली. त्या घरातल्या काकूंनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण मला त्या भिंतीसमोर उभं राहवत नव्हतं.

ब्लॉकच्या पृष्ठभागावर फक्त ब्रशनं पाणी शिंपडा, धूळ बसण्यापुरतं. सांध्याला तयार ब्लॉक जॉइंटिंग मॉर्टर वापरा, तीन मिलिमीटरच्या आसपास. साधा माल वापरायचाच तर एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), त्याहून घट्ट नको. सिमेंट जास्त घातलं की माल ब्लॉकपेक्षा ताठ होतो आणि भेग ब्लॉकमधून जाते. जाड सांध्यातून उष्णताही सुटते.

१२. नीट बांधूनही ब्लॉकच्या भिंतीला तडे गेले. का?

आधी तडा कुठं आहे ते बघा. कॉलम किंवा बीमला लागून सरळ रेषेत असेल, तर तिथं प्लास्टरच्या आत जाळी घातलेली नाही. ब्लॉक आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, म्हणून सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाळी लागतेच. बीमच्या खाली आडवा असेल, तर शेवटचा रद्दा घाईनं भरला. भिंत आठवडाभर बसू द्यायची आणि मग ती फट भरायची. लांब भिंतीच्या मधोमध उभा असेल, तर मध्ये काँक्रीटचा पट्टा दिलेला नाही. खिडकीखाली आणि लिंटेलला सलग पट्टा हवा. वायरिंगची झिरी आडवी मारली असेल तर तिथंही भेग येते. झिरी कटरनं उभी मारा, छिन्नी-हातोड्यानं नाही.

कोपऱ्यातून पायरी-पायरीनं तिरका चढणारा तडा मात्र भिंतीचा दोष नसतो. त्याला पुढचं उत्तर.

१३. आमच्या प्लॉटवर काळी माती आहे. हलका ब्लॉक घेतला की पायाची चिंता मिटेल का?

नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तुमच्या शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात तशीच. जोत्याखाली ती असेल तर वीट, ब्लॉक, दगड, काहीही बांधा, तिरका तडा येणारच. पाया काळ्या मातीच्या खाली, कठीण मुरमात किंवा खडकात न्या. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीला काँक्रीटचा बीम) द्या. जोत्यात काळी माती भरू देऊ नका, मुरूम भरा आणि थराथरानं दाबा. घराभोवती दोन-अडीच फुटांची फरशी बाहेरच्या उतारानं करा, पाणी पायाशी मुरायला नको. इथं पैसे वाचवून भिंतीत घालू नका.

१४. बोअरचं पाणी खारं आहे, नळाला रोज पाणी येत नाही. बांधकामाचं काय?

काँक्रीट आणि मालासाठी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आयएस ४५६ नुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. खाऱ्या पाण्यानं भिंतीला लोणा लागतो, पांढरी बुकटी येते, पोपडे सुटतात, आणि आतलं लोखंड गंजतं ते वेगळंच. विटेच्या भिंतीला आठवडाभर पाणी मारावं लागतं. ब्लॉकचं जॉइंटिंग मॉर्टर वापरलं तर ते जवळपास लागत नाही. टँकरवर काम असेल तेव्हा ब्लॉकच्या बाजूनं हा मोठा मुद्दा ठरतो. स्लॅबला मात्र सवलत नाही. उन्हाळ्यात किमान दहा दिवस, जमेल तर चौदा, आळी करून पाणी साठवा. प्लास्टर शक्यतो मार्चच्या आधी संपवा. मागं राहिलंच तर पहाटे करा आणि ओलं पोतं टांगा.

१५. गावाकडं कॉलम न घालता घर बांधतोय. भिंतीवरच स्लॅब येणार. ब्लॉक चालेल?

इंजिनिअरनं त्या हिशेबानं डिझाइन केलं नसेल तर नाही. तिथं चांगली भाजलेली नऊ इंची वीट घ्या, जोतं-लिंटेल-छताला पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या घाला. उष्णतेसाठी स्लॅबवरचा बोर्ड आणि पश्चिमेला झाड. कडुलिंबाचं लावा, पायापासून बारा-पंधरा फूट लांब.

१६. काम अर्ध्यात आहे. विटेऐवजी ब्लॉक केलं तर चालेल? आणि उलटं?

विटेवरून ब्लॉकवर जाणं सुरक्षित, कारण वजन कमी होतं. ब्लॉकवरून विटेवर जाणं धोक्याचं. बीम आणि पाया हलक्या भिंतीसाठी काढलेले असतात. "ब्लॉकची गाडी उशिरा येतेय, विटा पडल्यात, लावून टाकू" असं साइटवर सहज म्हटलं जातं. इंजिनिअरची सही आल्याशिवाय लावू देऊ नका.

१७. शेजाऱ्याची भिंत सहा इंचांवर आहे. त्या बाजूला काय करू?

उन्हाचा प्रश्न तिथं नाही, म्हणून उष्णतेवर खर्च करू नका. प्रश्न ओलीचा आहे, कारण बाहेरून प्लास्टर करायला हात जात नाही. प्रत्येक दोन-तीन रद्द्यांनंतर वरून हात घालून बाहेरचे सांधे घोटून घ्या आणि वॉटरप्रूफ कोट मारत वर चढा. काम संपल्यावर वरची फट पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या पट्टीनं झाका. शेजाऱ्याशी हे आधीच बोलून ठेवा, पट्टी दोघांच्या भिंतीवर बसते.

१८. घराच्या खालच्या मजल्यावर पॉवरलूम आहेत. वर राहायचं आहे. भिंत कशाची?

शहराच्या पूर्व भागातून हा प्रश्न हमखास येतो. इथं माझं नेहमीचं उत्तर उलटं होतं. आवाज अडवायला वजन लागतं, म्हणून मागाच्या खोलीला नऊ इंची भरीव वीट, दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टर. हादऱ्यानं ब्लॉकचे सांधे लवकर सुटतात. मागांचा पाया घराच्या कॉलमपासून वेगळा ठेवा आणि खाली रबराचे पॅड घाला, नाहीतर धडधड कॉलममधून वर चढते आणि भिंत कितीही चांगली असली तरी पलंग हलतो. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंती मात्र ब्लॉकच्या आणि छत प्रश्न ६ प्रमाणे.

१९. घर बांधून झालं. विटेची पश्चिमेची खोली रात्री झोपू देत नाही. आता काही होईल का?

होईल. आधी खर्च न करता एक उन्हाळा प्रयोग करा. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून बाहेर बांबूवर शेडनेट ताणा, वरपासून खालपर्यंत, मधून हवा वाहू द्या. गच्चीला पांढरा हात द्या. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता घाम आणतो. चार-पाच दिवसांनी रात्री दहाला भिंतीला आणि नंतर छताला हात लावून बघा. भिंत निवली आणि छत गरम असेल तर पुढचे पैसे गच्चीवरच्या बोर्डात घाला. छत निवलं आणि भिंत गरम असेल तर बाहेरून शीट आणि प्लास्टर करा. दोन्ही निवल्या असतील तर शेडनेटच्या जागी लोखंडी चौकट उभारून त्यावर वेल चढवा, एवढंच काम उरलं.